इसूब वकिलाचं गूळपाणी

इसूब, तुझा आवाज अजून माझ्या फोनमध्ये आहे आणि त्यातलं मला काहीच समजत नाही. सगळं अरबी. मधेच माझ्या मुलाचं, प्रसादचं नाव येतं, एकदा माझं येतं, एकदा मालवण येतं. मागे तुझ्या शेजारच्यांचा मिक्सर फिरतो आहे आणि माडावरचा कावळा ओरडतो आहे. अगदी शेवटी तू खोकतोस आणि म्हणतोस, "झाला? आता बंद कर." तेवढं एकच वाक्य मला कळतं. त्या एका वाक्यासाठी मी सगळं पहिल्यापासून ऐकतो.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात तुझा फोटो आला. खाली 'ज्येष्ठ विधिज्ञ' लिहिलं होतं. तुला दाखवला असता तर म्हणाला असतास, म्हाताऱ्या वकिलाची प्रॅक्टिस बंद पडली की त्याला विधिज्ञ म्हणतात. आपण दोघे तालुका कोर्टातले दिवाणी वकील. बांधाचे, वहिवाटीचे, सामाईक विहिरीचे आणि आंब्याच्या एका कलमापायी तीन पिढ्या भांडणाऱ्या भावांचे दावे चालवले. बार रूममध्ये तुझं टेबल माझ्या टेबलाला लागून. दावा तुझ्याविरुद्ध असला तरी डबा एकत्रच उघडायचा. तुझे वडील काझी, त्यांनी तुला छडी मारून अरबी शिकवलं. माझे वडील मसुऱ्याचे शेतकरी, त्यांनी मला छडी मारून शेतातून हाकललं. शिक्षण दोघांचंही छडीनेच झालं, असं तू नव्या वकिलांना सांगायचास.

कबरस्तानात मी मागे उभा होतो. तुझ्या जावयाने हाताला धरून पुढे नेलं आणि म्हणाला, काका, माती द्या. आपल्याकडची ती समुद्राकाठची माती, निम्मी वाळूच. मुठीत धरली तर बोटांतून गळून जाते. बाकीच्यांचे ओठ हलत होते. मला तिथे काय म्हणायचं असतं ते येत नव्हतं. सवयीने मनात एवढंच आलं, साहेब, पुढची तारीख मिळावी. तुझ्या केसमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून तारीख मागितली, आणि ती मिळाली नाही.

आता मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धंच राहिलं आहे आणि ते संपवायला माझ्याकडे दुसरं कोणी नाही. तुझ्या बाजूने बोलणारा तूच होतास.

ते सुरू कुठे झालं हे तुला आठवत असेलच. त्या वर्षी परजिल्ह्यातले मोठे ट्रॉलर रोज आपल्या किनाऱ्याला चिकटून मासळी खरवडून नेत होते. काठावरून रापण ओढणाऱ्या आपल्या लोकांच्या जाळ्यात नुसती शेवाळं यायची. त्यांचे वकील आपण दोघे. अर्ज करून, निवेदनं देऊन थकलो होतो. एक दिवस पोरांनी समुद्रातच एक ट्रॉलर घेरला आणि किनाऱ्याला आणला. आपण पोहोचलो तेव्हा ट्रॉलरवरचे खलाशी वाळूत गुडघ्यांवर बसवलेले होते. नेपाळी, कानडी, कुठले कुठले. मालक त्याच्या गावी घरात बसलेला. लोकांच्या हातांत वल्ही होती आणि डोळ्यांत काय होतं ते सांगायला नको. मी वकिली बुद्धीने फोन काढून पोलिसांना लावत होतो. तू चपला काढून हातात घेतल्यास आणि गर्दीत शिरलास.

पुढारी होता तो तुझाच अशील. त्याने तुला छातीवर हात देऊन अडवलं आणि विचारलं, "तू आमचो वकील काय तेंचो?"

"तुमचोच," तू म्हणालास. "म्हणान सांगतंय. ह्ये पगारी गडी. जाळी ह्येंची नाय, बोट ह्येंची नाय. भांडान मालकावांगडा आसा, तेका कोर्टात खेचूया."

कोणी ऐकेना. मग तू पहिल्या खलाशाला उठवलंस, त्याचा हात दुसऱ्याच्या हातात दिलास, आणि सगळ्यांना रांगेने चालवत आपल्या घराकडे घेऊन निघालास. तुझं घर किनाऱ्याला लागूनच. गर्दी मागोमाग, शिव्या देत. जैनबभाभींना तू खळ्यातूनच हाक मारलीस. त्या गुळाचा डबा आणि तांब्या घेऊनच बाहेर आल्या. तुझ्या पडवीवर एकेका खलाशाच्या हातावर तू गुळाचा खडा ठेवलास आणि वर पाणी दिलंस. मग वळून म्हणालास, "ह्ये माझ्या पडवेर पाणी प्याले. आता ह्येंका हात लावलो तर तो माका लावल्यासारको."

आणि गर्दी थांबली. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटणार नाही. पण आपल्याकडे गूळपाणी म्हणजे काय ते त्या प्रत्येकाला आईच्या दुधाबरोबर कळलेलं होतं. ज्याने कोणाच्या पडवीवर गूळपाणी घेतलं तो त्या घरचा पाहुणा, त्याच्यावर त्या दिवशी कोणी हात टाकायचा नाही. जप्तीला आलेल्या बेलिफालासुद्धा आपल्या बायका आधी गूळपाणी देतात. आणि एकदा दिलं की मग बिचाऱ्यांना त्याला मनासारख्या शिव्याही घालता येत नाहीत, म्हणून काही चतुर बाया पाणी जरा उशिराच आणतात. पुढाऱ्याने वल्हं खाली टाकलं. तुझ्या अंगणातल्या दगडावर बसला आणि म्हणाला, मग आमका पण पाणी दी.

त्या संध्याकाळी मी तुला म्हटलं, इसूब, गूळपाण्याची युक्ती छान काढलीस. तू रागावलास. म्हणालास, युक्ती नव्हे, कायदा आहे, आणि तुमच्या दिवाणी प्रक्रिया संहितेपेक्षा पुष्कळ जुना. मग चहा गार होईपर्यंत तू मला तुझ्या वडिलांचा युद्धाचा कायदा शिकवलास. लढणाऱ्याशी लढायचं. बाई, मूल, म्हातारा यांना मारायचं नाही. मठात बसून देवाचं नाव घेणाऱ्याला मारायचं नाही. रणात मरून पडलेली एक बाई पाहून प्रेषितांनी विचारलं होतं की ही तर लढत नव्हती, मग हिला का मारलं. आणि पुढे गेलेल्या सेनापतीकडे माणूस धाडून बजावलं होतं की बाईला मारू नका आणि पगारी गड्याला मारू नका. पगारी गड्यासाठी अरबीत वेगळा शब्द आहे, असीफ, तो तू मला दोनदा म्हणून दाखवलास. मग अभय देण्याची गोष्ट सांगितलीस. शत्रूकडच्या माणसाला अमान द्यायला राजा लागत नाही, काझी लागत नाही. आपल्यातल्या अगदी साध्यातल्या साध्या माणसाने दिलं, बाईने दिलं, तरी ते सगळ्या फौजेवर बंधनकारक. "आता बघ," तू म्हणालास, "जैनबने तांब्यो आणलो थंयच कायदो लागू झालो."

फळझाड तोडायचं नाही, लोकांची गुरं खाण्यापुरतीच मारायची, वसती उजाड करायची नाही, असं पहिल्या खलिफांनी फौजेला बजावलं होतं, तेही तू सांगितलंस. खजुरीच्या झाडाला हात लावायचा नाही हे ऐकून मी म्हटलं, हा खलिफा मूळचा मालवणचा असणार, खजूर म्हणजे माडच. तू हसलास. पण त्याच दमात विरुद्ध बाजूचे दाखलेही ठेवलेस. सगळ्या इमामांचं एकमत नाही म्हणालास. कोणी शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला अभय देतो, कोणी म्हणतो धडधाकट पुरुष आहे म्हणजे लढू शकेल. किल्ल्याला वेढा पडला, आत बायामुलं आहेत, तर दगड मारायचे की नाही यावर पानंच्या पानं भरलेली आहेत. मी लगेच पकडलं. म्हटलं, म्हणजे शेवटी नाइलाज होता म्हणून सगळं चालतं. तू म्हणालास, नाइलाज हे भोक जगातल्या प्रत्येक कायद्याला आहे, तुमच्या आणि आमच्याही, आणि मारेकरी नेहमी त्याच भोकातून आत येतो. प्रतिकूल निवाडा लपवणारा वकील तू कधीच नव्हतास. तुझ्यावर माझा जीव जडला तो या गुणापायी.

पण माझा मुद्दा वेगळाच होता आणि तो तू कधी मान्य केला नाहीस. मी म्हणायचो, कायदा ठीक आहे, बेलिफ कुठे आहे? डिक्री मिळाली आणि ती बजावायला बेलिफच नसला तर ती डिक्री भजी बांधायला बरी. तुझ्या शास्त्रात खलाशाला मारू नये असं लिहिलंय, पण मारलं तर समन्स कोण काढणार? तू म्हणायचास, अंता, तू आयुष्यभर फी घेऊन घेऊन असा झालास. आणि विषय तिथे राहायचा. त्यात कोणाचं काही अडलं नव्हतं.

मग प्रसादचं झालं.

माझा एकुलता एक झील जहाजावर ऑइलर. इंजिनाच्या खोलीत कपडे काळे करणारा. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख ठरली की आधी त्याचा फोन यायचा, सुट्टी टाकू का म्हणून. त्या समुद्रात कोणाचं तरी युद्ध चालू होतं. जहाज एका देशाचं, मालक दुसऱ्या देशाचा, माल तिसऱ्याचा, आणि ज्यांच्यात लढाई होती त्यांतलं त्यात कोणीच नव्हतं. कुठूनसं काहीतरी उडत येऊन जहाजावर पडलं. मग बंदूकवाले बोटींतून आले आणि सगळ्या खलाशांना उतरवून घेऊन गेले. पुढे एक व्हिडिओ आला. खलाशी भिंतीला लागून उभे, त्यांत प्रसाद, दाढी वाढलेली, एका पायावर भार देऊन. लहानपणी शाळेत शिक्षा झाली की असाच उभा राहायचा. त्यानंतर काही नाही. कंपनीचा माणूस फोनवर सांगतो, प्रयत्न चालू आहेत. दिल्लीहून उत्तर येतं, प्रयत्न चालू आहेत. आयुष्यभर मीही पक्षकारांना हेच वाक्य सांगत आलो, त्यामुळे त्याचा अर्थ मला चांगला कळतो.

तू बातमी कळल्याबरोबर आलास. शालनने, माझ्या बायकोने, फक्त एकच विचारलं तुला, "जेवाक घालत असतले मां?" तू तिला सांगितलंस की कैद्याला जेवू घालणाऱ्याचं कुराणात कौतुक आहे, अनाथाच्या आणि गरिबाच्या बरोबरीने कैद्याचं नाव घेतलंय, स्वतःला भूक असताना त्याला द्यायचं. तिने ते धरून ठेवलं. भराडीदेवीला तिने नवस केला आहेच, पण रोज जेवताना ती म्हणते, इसूबभावजींनी सांगितलंय, त्यांच्यात कैद्याला जेवू घालतात. मी मान हलवतो. तुझ्या त्या एका वाक्यावर ती दोन घास खाते, म्हणून मी त्यावर उलटतपासणी घेतली नाही.

बाजारात मात्र एकाने तुला माझ्यासमोर विचारलं, "वकिलानू, तुमचीच माणसा मां ती?" माझा हात उठणार होता. तू शांतपणे मासळीची पिशवी दुसऱ्या हातात घेतलीस आणि म्हणालास, "माझी असती तर माझा आयकली नसती काय?" तुझ्या घरच्या खळ्यात पोहोचल्यावर म्हणालास, अंता, त्यांना माझ्या बापाने शिकवलेलं ऐकवायला हवं. मी म्हटलं, कुठल्या पत्त्यावर?

तुझ्या डोक्यात पत्ता तयार होता. प्रसादचाच नंबर. त्याचा फोन त्यांच्यातल्या कोणाच्या तरी खिशात असणार. कधीतरी तो चार्ज करणार, तेव्हा ऐकणार. शालन माझ्या फोनवरून त्या नंबरवर रोज काहीबाही पाठवतेच, प्रत्येकावर एकच टिक, पोचल्याची दुसरी नाही. त्यात आपलं एक.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आलो तर तू पडवीवर कोर्टाचा काळा कोट घालून बसलेला. वर गळपट्टी. घामाने निथळत होतास. मी विचारलं, आवाजाक कोट दिसता काय रे? तू म्हणालास, "माका दिसता."

तू बोललास ते चारपाचदा बोललास. एकदा मिक्सर आला, एकदा भाभींनी मधेच विचारलं की कालवणात कोकम किती घालू. शेवटच्यातही मिक्सर होताच, तरी ते आपण ठेवलं. मग मी तुला त्याचा अर्थ विचारला. तू सांगितलंस. आधी सलाम, मग पगारी गड्याची ती आज्ञा, ती कोणी दिली, कोणी ऐकून पुढे सांगितली, कोणत्या इमामांनी मान्य केली, आणि कोणाचं मत वेगळं होतं आणि ते इथे का लागू पडत नाही. हा माणूस दुसऱ्याच्या इंजिनाला तेल घालतो, शस्त्र धरत नाही. आणि शेवटी, मी, इसूब, मालवणच्या किनाऱ्यावरचा एक साधा मुसलमान, या माणसाला अमान देतो, आणि ते तुमच्यावर बंधनकारक आहे.

मी म्हटलं, एवढंच? अरे, त्याची आई म्हातारी आहे सांग. रड थोडासा. तू नाही म्हणालास. मी ओरडलो, हे काय अपील आहे? समोर न्यायाधीश नाही, बंदूकवाला आहे, त्याच्यापुढे हात जोड.

"दया मागली तर तेंका नाय म्हणूक येता," तू म्हणालास. "कायदो सांगलो तर नाय म्हणूच्या आदी तो मोडूक लागता."

मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही, इसूब. मी बाप आहे, मला कायदा मोडला जातो की नाही याच्याशी काय करायचं आहे? मी आणखी एक तुझं रडतं रेकॉर्डिंग मागितलं असतं तर तू दिलं असतंस की नाही, हे आता कधीच कळणार नाही. पाठवलं ते एकच. एकच टिक.

मग तुझ्या छातीचं दुखणं निघालं. आधी घरी, मग इस्पितळात. रोज मी आत शिरलो की तू नाकावरची नळी बाजूला करून विचारायचास, दुसरी टिक आली? मी मान हलवून नाही म्हणायचो. मग आपण तेच भांडायचो. मी बेलिफ कुठे आहे विचारायचो, तू डोळे मिटून घ्यायचास. शेवटच्या दिवशी तू डोळे मिटले नाहीस. माझं मनगट धरलंस आणि हळूहळू, थांबत थांबत म्हणालास, "कायदो नसलो आणि काय वायट झाला, तर लोक म्हणतले लढाई होती, गेलो. कायदो आसा म्हणान म्हणूचा लागता, मारल्यानी."

प्रसादचं तसं काही होईल हे तू तोंडून काढलंस याचा मला इतका राग आला की मी उठलो आणि खाली चहा प्यायला गेलो. चहा अर्धा टाकून वर आलो तर तुला झोप लागली होती. ती मोडायची नाही असं नर्सने सांगितलं. त्या झोपेतून तू उठला नाहीस. मला उत्तर द्यायचं होतं.

तुला माती देऊन आठवडा झाला असेल नसेल, आणि सकाळीच फोन आला. पुन्हा ट्रॉलर घेरला. पुन्हा किनाऱ्यावर आणला. वकिलांना बोलवा, असं कोणीतरी म्हणालं होतं, आणि वकील आता मी एकटाच होतो. शालन म्हणाली, जाऊ नका, तुमच्या अंगात काय आहे आता. मी गेलो. काठी घेऊन वाळूतून चालायला किती वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे. पोहोचेपर्यंत मारहाण सुरू झालेली होती. त्या जुन्या पुढाऱ्याचा मुलगा आता पुढारी. चांगला मुलगा आहे, माझ्याकडे यायचा, प्रसादबरोबर शिकलेला. तो मला बघून म्हणाला, "वकीलकाकानू, तुमी ह्येच्यात पडा नकात."

मी सांगून बघितलं. ह्ये पगारी गडी, भांडण मालकाशी. माझा आवाज लाटांवर गेलाच नाही. तुला ऐकत होते, इसूब, त्यात कायदा किती होता आणि तू किती होतास, याचा हिशेब मी आता लावत बसलो आहे. माझ्यात तू नव्हतास. त्यांना खरंच भूक लागली आहे, त्यांची जाळी खरंच रिकामी आहेत, आणि मी त्यांच्याच बाजूचा वकील. मी मधे उभा राहिलो आणि माझ्या दोन्ही बाजूंनी माणसं वाहत गेली. तू सगळ्यांना घेऊन गेला होतास. मला एकच हाताला लागला. चाळिशी ओलांडलेला नेपाळी, कानाजवळचे केस पिकलेले, ओठ फुटलेला. मी त्याचं मनगट धरलं आणि चालायला लागलो. मागे बघितलं नाही, बघितलं असतं तर त्याचंही मनगट सुटलं असतं. बाकीच्यांना नंतर पोलिसांनी नेलं. त्यांतल्या एकाचा हात मोडला होता, असं मग कळलं.

तुझं घर जवळ होतं. पण भाभी इद्दतीत, विधवेने परक्यांसमोर यायचं नाही असे ते दिवस, त्यांच्या पडवीवर गर्दी न्यायचा धीर झाला नाही. माझ्या घरापर्यंत त्याला चालवत आणलं. दोन पोरं फाटकापर्यंत मागून आली. शालन पडवीत उभी होती. मी काही सांगायच्या आधी ती आत गेली आणि गुळाचा डबा आणि तांब्या घेऊन आली. पोरं फाटकाबाहेर थांबली. थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. लाजेने गेली की कंटाळून, ते माहीत नाही.

त्याच्या फुटक्या ओठाला गूळ झोंबला. त्याने तो हातात तसाच धरून ठेवला आणि पाणी प्याला, गळ्यावरून सांडत. मग हिंदीत विचारलं, फोन मिळेल का, घरी लावायचा आहे. मी माझा फोन दिला. त्याला नंबर पाठ होता. पलीकडून उचलला जाईपर्यंत तो तुळशीकडे बघत बसला होता.

"आमा," तो म्हणाला. पुढचं तो नेपाळीत बोलला. मला ठिक छु कळलं, पानी कळलं, घर कळलं. तो घर म्हणाला तेव्हा त्याने आमच्या पडवीवरून हात फिरवला, जशी काही त्याची आई बघत होती. मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता आणि हो हो म्हणत होता. पलीकडची बाई रडत होती ते इथपर्यंत ऐकू येत होतं.

त्याने फोन परत दिला. मी सवयीने प्रसादच्या नंबरवर गेलो. तुझा आवाज तिथेच होता, खाली शालनचे सगळे निरोप. दुसरी टिक नव्हती. त्या समुद्राच्या पलीकडे कोणाच्या तरी पडवीवर, त्यांच्याकडे तिला काय म्हणत असतील देव जाणे, एखादी बाई तांब्या घेऊन बाहेर आली असेल का, एवढंच मला तुला विचारायचं होतं. बेलिफाचं मी आता विचारत नाही.

शालनने त्याचा तांब्या पुन्हा भरला. तिथेच उंबऱ्यावर बसली आणि त्या माणसाकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "हेच्या आयशीक तरी कळला."